पैशाचं सोंग

लोकलचा फर्स्ट क्लास कसाऱ्याला संपतो. तिथून पुढे खोडाळ्याला जायचं तर एसटी, नाहीतर जीप. आणि जीपमध्ये एकच वर्ग असतो, मांडीला मांडी. दाखल्यासाठी मोखाड्याला निघालेली म्हातारी, नागलीचं पोतं, पाय बांधलेली कोंबडी, बदलीवर आलेले गुरुजी आणि पाठीवर स्वतःपेक्षा मोठी सॅक घेतलेला शहरी तरुण, असे सगळे घाटातल्या प्रत्येक वळणावर एकमेकांच्या अंगावर पडत प्रवास करतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र याच रस्त्यावर दुसरा एक वर्ग उतरतो. तो स्वतःच्या गाडीतून येतो, गाडीच्या काचा वर असतात, आणि वाटेत विहीगावला थांबतो.

विहीगावच्या धबधब्याला विहीगावचा धबधबा हे नाव पुरेसं होतं. पण २००१ साली शाहरुख खानचा ‘अशोका’ आला, त्यातल्या एका गाण्यात हा धबधबा कोसळताना दिसला, आणि तेव्हापासून तो ‘अशोका धबधबा’ झाला. पाणी तेच, कडा तोच, फक्त नाव राजघराण्यातलं. त्या सिनेमाची गोष्टही मोठी गमतीची आहे. मगधाचा राजपुत्र ‘पवन’ नावाचा साधा माणूस बनून हिंडतो. त्याला जी मुलगी भेटते ती कलिंगची राजकन्या, जीव वाचवण्यासाठी ओळख लपवून राहणारी. म्हणजे दोन बड्या घरची मुलं गरिबीचं सोंग घेऊन एकमेकांच्या प्रेमात पडतात. खरोखरच्या गरीब मुलाने खरोखरच्या गरीब मुलीवर प्रेम केलं असतं तर प्रकरण चार जाणत्यांनी ओट्यावर बसून मिटवलं असतं. त्यासाठी धबधबा लागला नसता.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण बहुधा एखाद्या कर्जबाजाऱ्याने केली असावी. नाटक-सिनेमावाल्याने केलेली नाही हे नक्की, कारण त्यांचा निम्मा धंदा ही म्हण खोटी पाडण्यावरच चाललेला आहे.

बडे विरुद्ध गबाळे हा सामना तसा जगभर हाऊसफुल्ल चालतो. अमेरिकेत १९८० साली ‘कॅडीशॅक’ नावाचा विनोदी चित्रपट आला. एका बाजूला गोल्फ क्लबातले तोरेबाज सभासद, दुसऱ्या बाजूला त्यांच्या काठ्या वाहणारी पोरं आणि एक बेताल नवश्रीमंत. ‘स्नॉब विरुद्ध स्लॉब’ असं त्यांनी पोस्टरवरच छापून टाकलं होतं. याला मराठी प्रतिशब्द शोधायला बसलं की एक मौज लक्षात येते. स्लॉबसाठी शब्दांची ददात नाही. गबाळा, अजागळ, गावंढळ, येडबंबू, ध्यान. दर दहा कोसांवर नवा शब्द मिळेल. स्नॉबला मात्र ‘शिष्ट’ म्हणावं लागतं, आणि शिष्ट हा मुळात सभ्य, शहाण्या माणसाच्या कौतुकाचा शब्द. शिष्टाचार चांगला, शिष्टमंडळ चांगलं, आणि नुसता शिष्ट मात्र वाईट, ही करामत मराठीने केली. उच्चभ्रूचं ‘हुच्चभ्रू’ही तिनेच केलं. भाषा आतून कोणाच्या पक्षाला मतदान करते ते अशा ठिकाणी फुटतं.

तिला तसं करायला कारणही आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि बायका, नोकरचाकर प्राकृत. विदूषक जातीने ब्राह्मण, पण लाडवांच्या गोष्टी करतो म्हणून त्यालाही प्राकृतच. मराठीची आजी तेव्हापासून खालच्या रांगेत बसून नाटक बघत आली आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त तिला भरपूर हसायला मिळालं असणार. त्यात शकार आहे, राजाचा मेहुणा. बहिणीच्या जोरावर मोठा झालेला हा इसम ‘स’च्या जागी ‘श’ म्हणतो, आणि विद्वत्ता दाखवण्यासाठी पुराणातली नावं फेकताना रामायणातला माणूस खुशाल महाभारतात नेऊन सोडतो. वाइनच्या यादीतलं अवघडातलं अवघड नाव वाचून दाखवायचं आणि मग वाइनमध्ये बर्फ मागायचा, त्यातला प्रकार. शेवटी शकाराची फजिती होते, आणि गवळ्याचा पोर आर्यक राजाला उलथवून गादीवर बसतो. एवढी हिंमत पुढे मराठी सिनेमाने क्वचित केली.

तमाशाने मात्र केली होती. ‘गाढवाचं लग्न’ या वगात सावळ्या कुंभाराचं गाढव राजाची मुलगी बायको म्हणून मागतं. सोयरिकीचा निरोप घेऊन दरबारात जायचं काम अर्थातच सावळ्याकडे. दादू इंदुरीकरांनी हा सावळ्या अजरामर केला, आणि १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या दरबारात सावळ्या असा मानाने पोचला. वर्गसंघर्षाची याहून धडधडीत मांडणी कुठल्या जाहीरनाम्यातही नसेल: राजकन्या आणि गाढव. पण तिथेही गोष्टीने शेवटी कच खाल्लीच. गाढव हे गाढव नसतं, शापित गंधर्व असतो. म्हणजे मुलगा तसा चांगल्या घरातलाच निघाला. वधूपक्षाचा जीव भांड्यात पडला.

यातली मेख पुढच्या सगळ्या गोष्टींना लागू पडते. गबाळा जिंकतो, पण जिंकण्याआधी तो कोणीतरी बडा निघावा लागतो. निघत नसेल तर त्याला तसं सोंग तरी वठवावं लागतं.

सोंग वठवण्याची रीतसर शिकवणी आपल्याला १९७५ साली रंगमंचावर पाहायला मिळाली. जॉर्ज बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली पहिल्यांदा झालं तेही व्हिएन्नात, जर्मन भाषेत. इंग्रजी उच्चारांवरचं नाटक आधी जर्मन लोकांनी पाहिलं, यावर खुद्द शॉनेच एखादं नाटक लिहायला हवं होतं. फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवून सरदारणी म्हणून खपवायची पैज, ही त्याची गोष्ट. पु. ल. देशपांड्यांनी तिची ‘ती फुलराणी’ केली. सतीश दुभाषी प्राध्यापक झाले, भक्ती बर्वे मंजुळा. शॉच्या लंडनमध्ये माणसाने तोंड उघडलं की त्याची गल्ली कळत असे. मराठीत तर ‘ण’ आणि ‘न’ यांच्या मधून अख्खी भिंत गेलेली आहे. पाणी पिणारे भिंतीच्या अलीकडे, पानी पिणारे पलीकडे. तहान दोघांची सारखीच.

या नाटकाने प्राध्यापकाची पैज जिंकून दिली, पण पुढे घडलं ते भलतंच. शुद्ध बोलणारी मंजुळा प्रेक्षक विसरून गेले. लक्षात राहिली ती प्राध्यापकावर दात-ओठ खाणारी, ‘अशुद्ध’ मंजुळा. तिच्या त्या स्वगतावर गेली पन्नास वर्षं शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांतून मुली बक्षिसं मिळवत आहेत. म्हणजे घरात पहिल्यापासून ‘ण’ व्यवस्थित उच्चारणाऱ्या, वक्तृत्वाचे ढाल-करंडक कपाटात असणाऱ्या मुली महिना-महिना घासून ‘न’ म्हणायला शिकतात, आणि मार्गदर्शक सर त्यांना सांगतात, अगं, अजून जरा अशुद्ध बोल. पैज अशी उलटलेली पाहायला शॉ हवा होता.

जव्हार, विक्रमगड, मोखाड्याच्या उतारांवर हल्ली मोगरा होतो, आणि त्याच्या कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात. स्पर्धेला निघालेल्या एखाद्या मंजुळेच्या टोपलीतला मोगरा खोडाळ्याकडचा असण्याचीही शक्यता आहे. तो खुडणारीला मात्र वारली, ठाकरी, कोकणा यांपैकी एखादी बोली आईकडून, आणि पाठ्यपुस्तकातली मराठी गुरुजींकडून, अशा दोन भाषा येतात. प्राध्यापकमहाशयांना एकच येत होती.

फुलराणीच्या चार वर्षं आधी, १९७१ साली, दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला. नावातच सोंग. गुडघ्यापर्यंतची चड्डी, तिची लोंबती नाडी आणि चेहऱ्यावर आत्ताच झोपेतून उठल्याचा भाव, अशा वेषात त्यातल्या नायकाने, नाम्याने, थिएटरांना जी गर्दी खेचली ती मराठी सिनेमाने कधी पाहिली नव्हती. दादरच्या कोहिनूर टॉकीजने त्याला जागा नाकारून देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचं ठरवलं, तेव्हा तर पडद्यावरची लढाई फुटपाथवर आली. इकडे देव आनंदचा मफलर, तिकडे दादांची नाडी. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक टॉकीजवर गेले आणि नाडी लागली. पुढे दादांच्या सिनेमांच्या ओळीने नऊ रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली. ‘राम राम गंगाराम’मध्ये तर दादांनी म्हणीलाच उलटं टांगलं. खेड्यातल्या गंगारामाला अचानक घबाडाची वारसाई मिळते. पैसा खरा, पण त्याला श्रीमंताचं सोंग काही केल्या जमत नाही, आणि तिथेच सगळा विनोद.

आता यातली खरी गंमत. दादा कोंडके जन्मले मुंबईत, नायगावला. गिरणगावातलं बॅण्डपथक, ‘अपना बाजार’ची नोकरी, सेवादलाचं कलापथक, असा त्यांचा रस्ता. महाराष्ट्राचा सर्वांत लाडका खेडवळ हा पक्का मुंबईकर होता! आणि त्या काळच्या पडद्यावर ज्याला पाहून बायका बोटं मोडत, तो धोतराचा सोगा धरून चालणारा, नजरेनेच घर बुडवणारा माजोरी पाटील? ते निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करून आलेले, आणि वृत्तीने आयुष्यभर कार्यकर्तेच राहिलेले. म्हणजे मराठी सिनेमात शहरी माणूस गावंढळ झाला आणि बागेचा माळी वतनदार झाला. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणे.

ऐंशीच्या दशकात तर सोंग हाच धंदा झाला. महेश कोठाऱ्यांच्या ‘धूमधडाका’त (१९८५) शरद तळवलकरांचा धनाजी वाकडे हा बडा असामी. नावात धन आणि वाकडेपणा दोन्ही घालून लेखकाने प्रेक्षकाचे कष्ट वाचवले आहेत. त्याने नोकरीवरून काढलेला तरुण त्याच्या बंगल्यासमोर ठिय्या देतो. इथपर्यंत गोष्ट कामगार चळवळीची आहे, एखादा लाल बावटा लावला की झालं. पण तेवढ्यात प्रेम आडवं येतं. मग तरुण चळवळ गुंडाळतो आणि वाकड्याला श्रीमंत बाप दाखवण्यासाठी मित्राला, म्हणजे अशोक सराफला, यदुनाथ जवळकर बनवतो. सूट, तोंडात पाइप, आणि दर वाक्याच्या मध्ये ठसका लागल्यासारखे काही चमत्कारिक ध्वनी. सराफांनी इथे अभिनयापेक्षाही मोठं काम केलं आहे. माणूस बडा आहे हे सिद्ध करायला काय लागतं? तर तो काय बोलतो ते समोरच्याला नीट कळता कामा नये. वाकडे पहिल्याच भेटीत गार होतो.

मूळ गोष्ट तामिळ, १९६४ सालची; १९६६ साली ती ‘प्यार किये जा’ म्हणून हिंदीत आली. तीन भाषांतले श्रीमंत सासरे एकाच युक्तीला फसले, यावरून काय समजायचं ते समजावं. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये (१९८८) तर चार मित्र डोक्यावरच्या छपरासाठी फसवणूक करतात, त्यातले दोघे साड्या नेसून. पुण्यात भाड्याची खोली शोधलेल्या कोणालाही यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

या सगळ्या धमालीत एक शब्द कोणी उच्चारत नाही: जात. पडद्यावर सगळे नुसतेच गरीब किंवा नुसतेच श्रीमंत असतात, आणि वरमाईला नवरीची वाटते ती फक्त परिस्थिती खालची. २०१६ साली नागराज मंजुळ्यांच्या ‘सैराट’ने हे सोंग उतरवून ठेवलं. पाटलाच्या मुलीच्या बुलेटवर आणि विहिरीतल्या उडीवर निम्मं थिएटर नाचलं, आणि शेवटी तेच थिएटर काही न बोलता बाहेर पडलं. त्यातल्या नायकाकडे, परश्याकडे, खोटी मिशी नव्हती, कोणी यदुनाथही नव्हता.

पुन्हा डोंगरावर येऊ. जव्हार-मोखाडा भागात तर हुच्चभ्रू कोण आणि गबाळा कोण हे ठरवणंच मुश्कील. जव्हार हे मुकण्यांचं संस्थान, आणि मुकणे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी. शहरी माणूस ज्यांना ‘बिचारे’ म्हणतो त्यांच्यातलाच राजा. त्याला इंग्रजांकडून नऊ तोफांची सलामी आणि राहायला जयविलास पॅलेस. या घराण्याच्या स्थापनेची दंतकथा जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. जव्हार तेव्हा एका वारली नायकाच्या ताब्यात होतं. मूळपुरुष त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या. नायक हसला असणार. एक कातडं ते किती! त्याने हो म्हटलं. पाहुण्याने कातड्याच्या बारीक बारीक वाध्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्यांनी सगळा मुलूख वेढून टाकला. पुढे १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने त्याच्या मुलाला, नेमशहाला, राजा म्हणून मान्यताही दिली.

हीच गोष्ट रोमन लोक कार्थेजच्या राणी डायडोबद्दल सांगत. समुद्रापलीकडची राणी आणि सह्याद्रीतला कोळी एकाच मोजमापाने जमीन घेतात, हा योगायोग अभ्यासकांनी सोडवावा. सात-बारावर काम करणाऱ्या कोणाही कारकुनाला मात्र यात नवल वाटणार नाही. अर्ज एका कातड्याचा असतो, वेढा पडतो तेव्हाच क्षेत्रफळ कळतं.

अशा वाध्या अजूनही कापल्या जातात. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधलं. त्यातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. एप्रिल उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत बसलेले असतात. तेच पाणी मुंबईत विसाव्या मजल्यावर पोचतं, तिथल्या फिल्टरमधून गाळलं जातं, आणि त्याच मजल्यावरचे लोक जुलैत काचा वर करून विहीगावला पाणी पडताना बघायला येतात.

नागलीचंही असंच झालं. खोडाळ्याच्या घराघरांत नागलीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या थापली जात होती. पाहुणा आला की ती झाकून ठेवायची, कारण ती काळी, ती गरिबाची. पाहुण्याला तांदळाचा भात. मग भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचं म्हणून जाहीर केलं, आणि नागलीने मॉलमध्ये ‘रागी कुकी’चं सोंग घेतलं. आता शहरातून आलेला पाहुणा चुलीपाशी वाकून ‘ऑथेंटिक’ भाकरी आहे का विचारतो, आणि घरधनीण गोंधळते. तिने मुद्दाम त्याच्यासाठी गव्हाची पोळी केलेली असते. दोघेही एकमेकांच्या पंक्तीला बसायला निघालेले असतात आणि वाटेत चुकामूक होते.

होळी झाली की या भागात बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे बांधून नाचायच्या सोंगांचे, दिवस येतात. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर भिवंडी-वसईकडे गेलेली माणसं तोवर परतू लागलेली असतात. रात्री संबळ आणि पिपाणी वाजायला लागते, मशाली पेटतात, आणि एकेक सोंग नाचत पुढे येतं. आधी गणपती, सरस्वती. मग राम-लक्ष्मण, मारुती, नरसिंह, रावण, वेताळ. शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. मुखवटे पूर्वी लाकडी होते, आता कागदाच्या लगद्याचेही असतात. पण मोठा मुखवटा चेहऱ्यावर बांधून नाचायचं म्हणजे मानेची कसोटीच. अनेक सोंगांचा मान घराण्यांनी धरून ठेवलेला असतो. आजा रावण, बाप रावण, मुलगा रावण. मुंबईत ज्याला मुकादम नावानेही हाक मारत नाही, तो इथे दहा तोंडांचा राजा असतो, आणि त्याला वाट करून द्यायला सावकारालाही मागे सरकावं लागतं. देवाचं सोंग आलं की दुकानदार, सरपंच, शाळेचे हेडमास्तर, सगळे वाकतात. आत कोण आहे हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. उधारीच्या वहीत त्याचं नावही असतं. तरी वाकतात.

धनाजी वाकड्याला आत कोण आहे ते माहीत नव्हतं, म्हणून तो फसला आणि आपण हसलो. बोहाड्यात फसत कोणीच नाही.

पहाटे मशाली विझल्या की रावणाची दहा तोंडं भिंतीला टेकवून ठेवतात. आतला माणूस घामाने निथळलेला असतो. पाठीवरची दोरीची खूण चोळत तो चुळा भरतो, कोणाची तरी बिडी मागून घेतो आणि पहिल्या गाडीसाठी नाक्यावर येऊन उभा राहतो, कारण राहिलेली मजुरी आणायला कसाऱ्यापलीकडे जायचं असतं. जीप भरलेलीच येते. ड्रायव्हर वळूनही न बघता ‘सरका जरा, सरका’ म्हणतो. म्हातारी अर्धी सरकते, गुरुजी पाव सरकतात, शहरी तरुण आपली सॅक मांडीवर घेतो, आणि राहिलेल्या चार बोटांच्या जागेत लंकेश्वर एका कुल्ल्यावर बसतात. त्यांच्या मांडीवर लगेच कोणीतरी नागलीचं पोतं ठेवतं.